घारापुरीचे खांब ग्लॉस्टरशायरमध्ये: सीझिनकोट हवेलीची पार्श्वभूमी

इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशायर परगण्यात, मोरेटन-इन-मार्श गावाजवळ सीझिनकोट नावाची हवेली आहे. माथ्यावर कांद्याच्या आकाराचा तांब्याचा घुमट, कोपऱ्यांवर छोट्या छत्र्या, भिंतीबाहेर बराच पुढे आलेला दगडी छज्जा, खिडक्यांवर मोरपिसाऱ्यासारख्या कमानी. दारातून आत पाऊल टाकलं की मात्र हे सगळं संपतं. जिना, दिवाणखाने, गिलाव्यातलं नक्षीकाम, सगळं त्या काळच्या इंग्रजी घरांतलं, ग्रीक-रोमन वळणाचं. हिंदुस्थान आहे तो फक्त बाहेरच्या अंगाला.

पैसा कंपनी सरकारच्या बंगालमधून आला. कर्नल जॉन कॉकरेल याने १७९५ साली ही जमीन विकत घेतली आणि १७९८ मध्ये तो वारला. मग ती धाकट्या भावाकडे, चार्ल्सकडे आली. चार्ल्स कलकत्त्याला पोस्टमास्तर जनरल होता आणि तिथल्या एका पेढीत भागीदारही. १८०५च्या सुमारास त्याने नवी हवेली उभारायला घेतली. आराखडा केला तिसऱ्या भावाने, सॅम्युअल पेपिस कॉकरेलने. बंगालचा माजी गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्ज याचं जवळच असलेलं डेल्सफर्ड हे घरही त्याचंच काम. पण सॅम्युअल हिंदुस्थानात कधी गेला नव्हता, आणि सीझिनकोट समजून घ्यायचं तर हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची.

त्याच्या हाताशी होती ती हिंदुस्थानातल्या इमारतींची चित्रं आणि ती काढणारा चितारी टॉमस डॅनियल. टॉमस आणि त्याचा पुतण्या विल्यम १७८६ साली कलकत्त्यात उतरले, पुढे जवळजवळ सगळा देश फिरले आणि परत गेल्यावर १७९५ ते १८०८ या काळात त्यांनी १४४ चित्रांचा संच छापला. १७९३ मध्ये ते मुंबईला होते. तिथे त्यांना जेम्स वेल्स भेटला. पुण्याच्या दरबारात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांची चित्रं काढणारा स्कॉटिश चितारी तो हाच. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याने वेरूळला काढलेली रेखाटनं पुढे टॉमसनेच छापून प्रसिद्ध केली. म्हणजे सीझिनकोटच्या मागे लखनौ-दिल्ली आहे, तशी मुंबई आणि वेरूळही आहे.

डॅनियल कॅमेरा ऑब्स्क्युरा वापरत. या पेटीतून समोरच्या इमारतीची प्रतिमा कागदावर पडते आणि तिच्या रेषा गिरवता येतात. दर्शनी भागाची प्रमाणं त्यामुळे नेमकी मिळतात. पण भिंतीची जाडी, खोल्यांची रचना, दगडांचे सांधे यांतलं काहीच त्यात येत नाही. हिंदुस्थान बाहेरच थांबला, याचं एक कारण मला यातच दिसतं.

घुमटाकडे सगळ्यांचं लक्ष जातं, पण खरी गंमत खालच्या ओढ्यात आहे. बागेचा हा भाग टॉमस डॅनियलच्या कल्पनेतला. वर सूर्याचं छोटं देऊळ, त्याच्या पायथ्याशी कुंड. पुढे ओढ्यावर पूल आणि पुलाच्या कठड्यावर बसलेले नंदी. पुलाखालच्या खांबांची कल्पना घारापुरीच्या लेण्यावरून घेतलेली. घारापुरीला खांब डोंगरातूनच कोरून काढलेला असतो: खाली चौकोनी, वर पन्हाळीदार आणि माथ्याशी दाबलेल्या उशीसारखा. इथे तोच विचार सुटे दगड रचून उभा केला आणि त्यावर पुलाचं ओझं दिलं. पुलाखाली पाण्यातून पाय ठेवत जायला दगड मांडले आहेत, बसायला बाक आहे. आणखी खाली यू या सदाहरित झाडाच्या वठलेल्या खोडाला वेटोळं घातलेला तीन तोंडांचा साप पाणी उडवतो.

छज्जा आपल्याकडे उन्हासाठी आणि धो-धो पावसासाठी असतो. इंग्लंडात ऊन तिरपं, पाऊस रिमझिम आणि हिवाळ्यात गोठण. अशा हवेत पुढे आलेल्या दगडाला खालून जपावं लागतं. कडेच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच बुजली की पाणी उलटं भिंतीकडे सरकतं. चुनखडीचा दगड ते शोषतो. ते गोठलं की सुमारे ९ टक्के फुगतं आणि दगडाचे पापुद्रे सुटतात. तांब्याचं हिरवेपण मात्र बिघाड नव्हे, तो थर धातूला राखतो. धोका असतो पत्र्यांच्या उघड्या पडलेल्या सांध्यांत.

१८०७ मध्ये युवराज, म्हणजे पुढचा चौथा जॉर्ज, इथे येऊन गेला. बागांचा जाणकार हम्फ्री रेप्टन याने युवराजाच्या ब्रायटनच्या महालासाठी हिंदुस्थानी धाटणीचे आराखडे केले होते. ते बारगळले आणि १८१५ पासून जॉन नॅशने तो महाल स्वतःच्या आराखड्याने, पण बाहेरून हिंदुस्थानी धाटणीतच उभा केला.

कॉकरेलांच्या वंशजांनी १८८४ मध्ये मालमत्ता विकली. १९४४ साली ती क्लाइनवर्ट कुटुंबाकडे आली आणि ओढ्याकाठच्या बागेची नव्याने लागवड झाली. १९६८ मध्ये हवेलीच्या दक्षिणेला पाटाच्या पाण्याची, चारबागेच्या (पाटांनी चार भागांत विभागलेल्या मुघल बागेच्या) धर्तीची बाग केली. अशा बागेत सरूच्या रांगा हव्यात. पण इथल्या थंडीत सरूचा भरवसा नाही, म्हणून त्यांच्या जागी तसाच सरळसोट वाढणारा आयरिश यू लावला.