थंडी सोसणारे पाम

ताड, माड, शिंदी, सुपारी ही झाडे ज्या ताल कुलातली, त्यात सुमारे २,६०० जाती आहेत. रोपवाटिकेत या सगळ्यांना सरसकट पाम म्हणतात. बहुतेक जाती उष्ण कटिबंधातल्या. मोजक्या मात्र शून्याखालची थंडी, प्रसंगी बर्फही सोसतात. अशा काटक जाती मूळ टापूच्या पलीकडे, जिथला हिवाळा त्यांना जेमतेम झेपतो अशा ठिकाणी वाढवण्याची हौस युरोप-अमेरिकेत जुनी आहे. ‘जेमतेम झेपणारा हिवाळा’ कोणता, हे मात्र झाडागणिक बदलते. लंडनमध्ये तो कॅनरी खजुराच्या वाट्याला येतो, नाशिकमध्ये नारळाच्या.

आंब्याची फांदी थंडीने करपली तर खालून दुसरी फुटते. पामाला ती सोय नाही. एका खोडाला एकच कोंब, तोही शेंड्याला, झावळ्यांच्या देठांत दडलेला. खोड जाड करणारा सालीखालचा थरही पामात नसतो, त्यामुळे खोडाची जखम भरून येत नाही. झावळ्या करपल्या तर झाड वर्ष-दोन वर्षांत सावरते. कोंब गोठला की एकखोडी झाड संपले. ते लगेच कळत नाही, हीच पंचाईत. काही आठवड्यांनी मधले मिटलेले पान ओढून पाहावे. अलगद हातात आले आणि बुडाला कुजका वास आला, तर कोंब धोक्यात आहे असे समजावे.

जातीपुढे ‘उणे १० अंश’ असा एकच आकडा लिहिण्याची पद्धत आहे. तिच्यावर फार विसंबू नये. थंडी दोन तास टिकली की दोन दिवस, झाड कोरडे होते की भिजलेले, रोप कोवळे की खोड धरलेले, आधी गारवा हळूहळू वाढत गेला की पारा एका रात्रीत कोसळला, यावर सगळे ठरते. बलुचिस्तान-अफगाणिस्तानातला मझरी पाम कोरड्या थंडीत उणे १० अंशांखालीही टिकतो, पण इंग्लंडच्या भिजक्या हिवाळ्यात कुजतो.

सर्वांत काटक मानतात तो अमेरिकेच्या आग्नेय भागातला सुई पाम, ऱ्हॅपिडोफायलम हिस्ट्रिक्स. उणे २० अंशांच्या आसपासही तो वाचलेला आहे. झाड झुडपाएवढे, कोंब जमिनीलगत आणि भोवती लांब काट्यांचे कुंपण. त्याच भागातला बुटका साबल तर खोडच बहुधा जमिनीत ठेवतो. भूमध्य समुद्राकाठचा कॅमेरॉप्स आणि दक्षिण अमेरिकेतला ब्युटिया यांची सोशिकता त्यांच्याहून कमी.

उंच खोडाचे झाड हवे असले की बहुतेकांची नजर ट्रॅकीकार्पस फॉर्च्युनी या चिनी पामाकडे जाते. त्याच्या खोडावर काथ्यासारखे केस असतात. चीनमध्ये त्यांचे दोर, झाडू आणि पावसात पांघरायचे झगे करत, म्हणजे इगतपुरीकडच्या इरल्याचे दूरचे भावंडच. जर्मन वैद्य आणि वनस्पतिसंग्राहक झीबोल्टने १८३० मध्ये त्याचे बी युरोपात नेले आणि रॉबर्ट फॉर्च्यूनने पाठवलेली रोपे १८४९ मध्ये लंडनच्या क्यू येथील वनस्पती-बागेत पोचली. चिनी चहाची रोपे हिंदुस्थानात आणणारा तो हाच फॉर्च्यून. स्वित्झर्लंडच्या टिचिनो प्रांतात तर हे झाड इतके रुळले की जंगलात तणासारखे माजले. सप्टेंबर २०२४ पासून त्या देशात त्याची विक्री बंद आहे.

याच वंशातली ट्रॅकीकार्पस टाकिल ही जात आपल्याच देशातली. कुमाऊँमध्ये पिथौरागढच्या बाजूला, सुमारे २,००० मीटरहून उंच डोंगरांवर ती वाढते आणि हिवाळ्यात बर्फाखाली उभी असते. इटालियन वनस्पतिशास्त्रज्ञ बेक्कारी याने १९०५ मध्ये तिचे वर्णन केले. ‘टाकिल’ म्हणून पुढे युरोपात विकली गेलेली बरीच झाडे प्रत्यक्षात चिनी पामच निघाली.

थंड देशांतले हौशी लोक हिवाळ्यापूर्वी झावळ्या वर बांधतात, कोंबाभोवती पेंढा भरतात, झाडावर खोके उभारतात आणि आत जुन्या धाटणीच्या दिव्यांची माळ सोडतात. एलईडीच्या माळेचा उपयोग नाही. ती पुरेशी तापत नाही.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. इथली बोचरी थंडी येते ती उत्तरेचे वारे येऊन गेल्यावर, आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असताना. जमिनीची ऊब रातोरात निघून जाते आणि गार, जड हवा नदी-ओढ्यांच्या खोलगट भागात साचते. निफाडच्या कुंदेवाडी येथील गहू संशोधन केंद्रात डिसेंबर २०१८ मध्ये पारा १.८ अंशांपर्यंत उतरला होता. अशा पहाटे द्राक्षबागायतदार बांधावर शेकोट्या पेटवून धूर करतात आणि विहिरीचे कोमट पाणी बागेला सोडतात. गावठाणात नुसता गारठा असतो, तेव्हा खालच्या मळ्यात दव गोठलेले दिसते.

एवढ्या थंडीने चिनी पामाचे काही बिघडत नाही. धास्ती नारळाला. त्याला सरासरी २७ अंशांच्या आसपासचे हवामान मानवते. रात्री १० अंशांखाली जाऊ लागल्या की वाढ थांबते, झावळ्या पिवळ्या पडतात, बोंडे गळतात. म्हणून नारळ घराच्या दक्षिणेला किंवा पश्चिमेला, दिवसभर तापणाऱ्या भिंतीजवळ लावावा, मळ्याच्या खोलगट कोपऱ्यात कधीच नाही. द्राक्षाचे दोन्ही उपाय त्यालाही चालतात.

चिनी पामाची कसोटी नाशिकला एप्रिल-मेमध्ये लागते. चाळिशी ओलांडलेला पारा आणि कोरडा वारा यांत त्याच्या पानांच्या कडा जळतात. दुपारची सावली आणि बुंध्याशी पाचटाचे आच्छादन लागते. अमेरिकी कृषी खात्याचा १९६० पासूनचा हवामानपट्ट्यांचा नकाशा फक्त हिवाळ्यातला नीचांक मोजतो. त्यावर विसंबून झाड निवडणाऱ्या नाशिककराने अर्धाच प्रश्न सोडवलेला असतो. उन्हाळा आणि थंडी दोन्ही पचवतात ते कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातला वॉशिंग्टोनिया, कॅनरी खजूर आणि, कमी थंडीपुरता, रुपेरी पानांचा बिस्मार्किया. शिंदीही तशीच काटक, शिवाय इथलीच. पण केरसुणीपलीकडे तिला कोणी विचारत नाही. सायकस आणि ट्रॅव्हलर्स पाम ही तर पामच नव्हेत, विक्रेता काहीही म्हणो.

काळ्या जमिनीत खड्डा पावसाळ्यात डबके होतो. म्हणून उंचवट्यावर, मुरूम मिसळून लावणे बरे. कॅनरी खजूर लावणाऱ्याने सोंड्या भुंग्याकडे लक्ष ठेवावे. हा किडा मूळचा आपल्याकडचाच. १९९० च्या दशकापासून त्याने भूमध्य समुद्राकाठची असंख्य खजुरीची झाडे पोखरली. ताज्या कापाच्या वासावर तो येतो, त्यामुळे झावळ्या छाटण्याची हौस महागात पडते.

थंडीचा तडाखा बसलेल्या झाडाला खताची घाई करू नये. करपलेल्या झावळ्याही तशाच ठेवाव्यात. पुढच्या कडाक्यात त्याच कोंबाचे पांघरूण होतात. मिटलेले पान निघून आले असेल तर पोकळीतले कुजके पाणी टिपून घ्यावे आणि तांबेयुक्त बुरशीनाशक ओतावे. द्राक्षपट्ट्यात मोरचूद घरोघरी असते, चुना घालून केलेले त्याचे बोर्डो मिश्रणही चालते. मात्र तांब्याचा मारा पुन्हा पुन्हा नको. नवे पान दिसायला होळी, कधी अक्षय्य तृतीयाही उजाडते. तोवर झाडाला कुदळ लावू नये.