अपघातातील जखमीला दवाखान्यात नेलं तर: कायद्याचं संरक्षण आणि राहवीर योजना

"नको रे बाबा, पोलिसांचं लचांड मागे लागेल," म्हणून खंबाटकी घाटात लोक गाडी हळू करतात, बघतात आणि पुढे जातात. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४-अ आलं, त्यानंतर या भीतीला आधार उरलेला नाही. मोबदल्याची अपेक्षा न ठेवता, चांगल्या हेतूने अपघातग्रस्ताला मदत करताना काही चुकलं किंवा पुढे जखमी दगावला, तरी मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही. मात्र ज्याच्या गाडीने अपघात झाला, त्याची जबाबदारी यातून सुटत नाही.

आधी १०८ ला फोन करा. सातारचं सिव्हिल असो की कराडचं खासगी हॉस्पिटल, खरी अडचण कॅज्युअल्टीच्या खिडकीशी येते. केसपेपरवर 'नातेवाईक' म्हणून सही मागितली तर "माझं नातं नाही, मी फक्त घेऊन आलो" असं स्पष्ट सांगा. नोंदणीचे किंवा ॲडमिशनचे पैसे तुमच्याकडे मागता येत नाहीत. नाव-पत्ता देण्याची सक्ती डॉक्टरही करू शकत नाहीत आणि पोलीसही. तिथून लगेच निघायलाही हरकत नाही. या हक्कांचा मराठी फलक दवाखान्याच्या दारात असायलाच हवा. दिसला नाही तर जरूर विचारा.

साक्ष देणं तुमच्या मर्जीवर आहे. तयार असाल तर जबाब एकदाच, तुमच्या सोयीच्या वेळी, घरी किंवा कामाच्या ठिकाणी, शक्यतो साध्या वेशातल्या अधिकाऱ्याने घ्यायचा असतो.

नाव दिलंत तर केंद्राच्या राहवीर योजनेतून २५,००० रुपये आणि प्रशस्तिपत्र मिळू शकतं. अट अशी, की गंभीर जखमीला पहिल्या तासाभरात उपचारापर्यंत पोचवलेलं असावं. मोठी शस्त्रक्रिया, किमान तीन दिवस दवाखान्यात दाखल, मेंदूला किंवा मणक्याला इजा, किंवा उपचारादरम्यान मृत्यू, यांतलं काही असेल तर दुखापत गंभीर धरतात.

यात महत्त्वाचा कागद म्हणजे पोलिसांची पोचपावती. डॉक्टरांकडून खात्री करून पोलीस ती लेटरहेडवर देतात. तीत तुमचं नाव, पत्ता, मोबाईल, अपघाताची जागा, तारीख, वेळ आणि तुम्ही केलेली मदत, एवढं नीट लिहिलंय का ते तिथेच वाचून घ्या. तिची प्रत पोलिसांकडूनच जिल्हा समितीकडे जाते. समितीत जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, आरोग्य अधिकारी आणि आरटीओ असतात. मंजुरीनंतर रक्कम थेट खात्यात येते, म्हणून पासबुकाची झेरॉक्स तयार ठेवा. एकाच जखमीला अनेकांनी वाचवलं तर रक्कम समान वाटली जाते.