फाटक, पाटी आणि पावती

लर्निंग लायसन्सच्या परीक्षेला बसलेल्या प्रत्येकाने ही दोन चित्रे पाठ केलेली असतात. लाल काठाच्या त्रिकोणात कुंपणासारखे फाटक दिसले, तर पुढच्या रेल्वे क्रॉसिंगवर गेटमन आहे. त्रिकोणात वाफेचे इंजिन दिसले, तर तिथे कोणी नाही. खाली दोन पट्ट्या असतील तर रूळ 200 मीटरवर, एकच असेल तर 50 ते 100 मीटरवर. वाफेची इंजिने आपल्या ब्रॉडगेजवरून 1990 च्या दशकातच गेली, पण पाटीवरचे इंजिन अजून वाफेचेच आहे. पाटीच्या मागे उभा असलेला कायदाही तितकाच जुना, आणि त्या कायद्याने रूळ ओलांडण्याची जोखीम बहुतेक काळ ओलांडणाऱ्याच्या डोक्यावर ठेवली.

ही खूण रस्त्यावरच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी एक आहे. मोटार नवी होती, देशोदेशी वेगवेगळ्या पाट्या लागत होत्या, तेव्हा 1909 मध्ये पॅरिसला युरोपातले देश एकत्र बसले आणि त्यांनी चारच धोके सर्वांसाठी समान चित्रांत मांडले: रस्त्यातला उंचसखलपणा, वळण, चौक आणि रेल्वे फाटक. शाळा, पूल, घसरडा रस्ता हे सगळे पुढचे. 1926 च्या पॅरिस करारात त्रिकोण आला, आणि फाटक असलेले व फाटक नसलेले क्रॉसिंग यांची चित्रे वेगळी झाली. भारतात मोटारींचा पहिला देशव्यापी कायदा 1914 चा, दुसरा 1939 चा, आणि आज चालतो तो 1988 चा. रस्त्यावरच्या खुणांबद्दलच्या 1968 च्या व्हिएन्ना करारात भारत 1980 मध्ये सामील झाला. म्हणून आपल्या पाटीवरचे इंजिन आणि युरोपातल्या एखाद्या खेड्यातल्या पाटीवरचे इंजिन सख्खी भावंडे वाटतात.

रुळांवरून येणाऱ्यासाठीही पाटी असते, आणि ती मला जास्त बोलकी वाटते. गाडीच्या खिडकीतून पाहिलेली, पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत ‘सी/फा’ लिहिलेली चौकोनी पाटी अनेकांना आठवत असेल. सीटी वाजवा, फाटक येते आहे, एवढाच तिचा अर्थ. इंजिनच्या चालकाच्या हातात त्या जागी सीटीखेरीज फारसे काही नसते. भरधाव गाडी थांबवायला किलोमीटरभर अंतर सहज लागते. समोर रुळावर ट्रॅक्टर दिसला तरी ब्रेक लावून तो पाहत राहतो. म्हणून सगळा भार रस्त्यावरून येणाऱ्यावर पडतो, आणि त्याच्या वाट्याला आलेली व्यवस्था कशी होती, हा खरा प्रश्न आहे.

16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली आणि पुढच्या काही दशकांत रूळ देशभर पसरले. ते मोकळ्या जमिनीवरून गेले नाहीत. गावठाण एका बाजूला, शेते दुसऱ्या बाजूला, मधून पाणंद, बैलगाडीची वाट, बाजाराचा रस्ता. हे सगळे रुळांनी कापले. 1890 च्या रेल्वे कायद्यात याचा विचार होता. सार्वजनिक रस्ता जिथे रुळांना समपातळीवर छेदतो तिथे फाटक, साखळी किंवा आडवा दांडा बसवा आणि तो उघडण्या-मिटण्यासाठी माणूस नेमा, असे सरकार रेल्वेला सांगू शकत होते. सांगू शकत होते, इतकेच. प्रत्येक ठिकाणी माणूस नेमणे कायद्याने आपोआप बंधनकारक नव्हते.

त्याच कायद्यात आणखी एक कलम होते, ज्याची चर्चा फार कमी होते. रूळ वाहतुकीला खुले झाल्यापासून 10 वर्षांपर्यंत अशा सोयींचा खर्च रेल्वेने करायचा. त्यानंतर नवी सोय हवी असेल, तर तिचा खर्च रेल्वेवर लादता येणार नाही. 1989 च्या नव्या रेल्वे कायद्यातही हे तत्त्व राहिले. आता विचार करा. रूळ 1870 चे, आणि गावाला डांबरी रस्ता मिळाला शंभर वर्षांनी. त्या रस्त्यावरच्या फाटकासाठी माणूस आळीपाळीने चोवीस तास बसवायचा, त्याला चौकी, दिवा, टेलिफोन द्यायचा, तर पैसे भरायचे स्थानिक संस्थेने किंवा राज्याने. ग्रामपंचायतीची ती ऐपत कुठली? मग तिथे दोन पाट्या लागल्या, एक ‘थांबा’चा फलक उभा राहिला, आणि क्रॉसिंग मानवरहित राहिले. 2011 च्या सुमारास देशात 32 हजारांहून अधिक फाटके होती आणि त्यांतली जवळपास 15 हजार अशी, माणसाविना. चालकांची बेफिकिरी खरी असली तरी, पैसे कोणी द्यायचे या जुन्या वादातूनही ही संख्या तयार झाली होती.

माणूस कुठे नेमायचा हे ठरवायला रेल्वेकडे एक हिशेब आहे. त्याला टीव्हीयू म्हणतात: चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरच्या वाहनांची संख्या. या हिशेबात बैलगाडी किंवा टांगा एक धरला जातो, मोटारही एक, सायकलरिक्षा अर्धी. पायी जाणारा मोजला जात नाही. शेतातून डोक्यावर भारा घेऊन येणारी बाई आणि शाळेला पायी निघालेली पोरे या गणितात नाहीत. एक लाखाच्या वर आकडा गेला की रस्त्याचा उड्डाणपूल रेल्वे आणि राज्य यांनी निम्म्या-निम्म्या खर्चात बांधायचा, असा ठरलेला प्रघात. आकडा कमी असेल तर वाट पाहायची. शाळेच्या एका बसमध्ये चाळीस मुले असली तरी हिशेबात तीही एकच.

मग कायद्याने वाहनचालकाला काय सांगितले? 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 131 पुन्हा पुन्हा वाचावे असे आहे. मानवरहित क्रॉसिंग जवळ आले की चालकाने वाहन थांबवायचे. कंडक्टर, क्लीनर किंवा वाहनातल्या कोणालाही खाली उतरवून रुळांपर्यंत चालत पाठवायचे. त्याने दोन्ही बाजूंना गाडी किंवा ट्रॉली येत नाही ना हे पाहायचे आणि मग वाहनाला वाट दाखवत पलीकडे न्यायचे. बरोबर कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरून पाहायचे. जुन्या एसटीच्या प्रवाशांनी हे दृश्य पाहिलेले असेल: बस थांबते, कंडक्टर उतरतो, रुळांवर जाऊन डावी-उजवीकडे पाहतो, हात हलवतो. ज्यांनी ते शिस्तीने पाळले त्यांनी किती जीव वाचवले याची मोजदाद कुठेच नाही. पण हाच नियम दूधवाल्या टेम्पोला, उसाच्या ट्रॅक्टरला, घाईतल्या शाळेच्या व्हॅनला एकटेपणी, रोज, दोन्ही वेळा पाळायला लावणे म्हणजे फाटकाचे काम रस्त्यावरच्या प्रत्येकाला वाटून देणे होते.

शिक्षा दोन कायद्यांत दोन तऱ्हेच्या होत्या. मोटार वाहन कायद्यात कलम 131 साठी वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, म्हणून सर्वसाधारण कलम 177 लागू होते. त्याखाली पहिल्या वेळी दंड होता 100 रुपयांपर्यंत, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर 500 रुपयांपर्यंत. रेल्वे कायद्याच्या कलम 161 मध्ये मात्र मानवरहित फाटक निष्काळजीपणे ओलांडल्यास एक वर्षापर्यंत कैद आहे, आणि निष्काळजीपणा म्हणजे काय हेही तिथेच लिहिले आहे: न थांबता, न पाहता जाणे, किंवा गाडी दिसत असताना जाणे. बंद फाटक स्वतः उघडले तर कलम 160 खाली तीन वर्षांपर्यंत कैद, तोडले तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे एकाच जागी, एकाच कृतीसाठी, रस्त्याच्या कायद्यात पावती आणि रुळाच्या कायद्यात तुरुंग. पण आडरानातल्या क्रॉसिंगवर पावती फाडायला वाहतूक पोलीस नसे, आणि रेल्वेचा खटला बहुधा अपघात झाल्यावरच उभा राहायचा. तोवर आरोपी व्हायचा तो चालक पुष्कळदा मेलेला असायचा.

फेब्रुवारी 2005 मध्ये नागपूर जिल्ह्यात लग्नाच्या वऱ्हाडाने भरलेली ट्रॅक्टर-ट्रॉली मानवरहित फाटकावर रेल्वेखाली सापडली. 50 हून अधिक माणसे गेली. अशा प्रत्येक अपघातानंतर पहिला प्रश्न यायचा की ड्रायव्हर थांबला का नाही. प्रश्न चुकीचा नाही, पण ट्रॉलीत बसलेल्या आजीने, करवलीने काय करायचे होते?

या प्रश्नाचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने त्याआधीच, 1997 मध्ये दिले होते. प्रकरण केरळचे. मे 1979 मध्ये तिथे प्रवासी वाहनाला मानवरहित फाटकावर एक्स्प्रेस गाडीने धडक दिली. चालकासह 40 प्रवासी दगावले. रेल्वेचे म्हणणे होते की दोष चालकाचा. न्यायालयाने चालकाचा दोष मान्य केला, पण तो दोष प्रवाशांच्या माथी मारता येणार नाही असे स्पष्ट सांगितले. आणि वर्दळीच्या रस्त्यावर फाटक व माणूस न ठेवणे हा रेल्वेचाही निष्काळजीपणा आहे, कायद्याच्या कलमात तसे लिहिलेले असो वा नसो, असे ठरवले. या निकालाला मी या साऱ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा टप्पा मानतो. पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली, हे म्हणणे त्या दिवशी न्यायालयात टिकले नाही.

तरीही फाटके लगेच हटली नाहीत. ज्येष्ठ अणुशास्त्रज्ञ अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालच्या रेल्वे सुरक्षा समितीने फेब्रुवारी 2012 मध्ये अहवाल दिला आणि मानवरहितच नव्हे, तर सगळीच फाटके पाच वर्षांत काढून टाकावीत असे सुचवले. खर्चाचा अंदाज सुमारे 50 हजार कोटी रुपयांचा होता. जुलै 2014 मध्ये तेलंगणात मेडक जिल्ह्यातल्या मासाईपेठला नांदेडहून सिकंदराबादकडे जाणाऱ्या पॅसेंजरखाली शाळेची बस आली. एप्रिल 2018 मध्ये उत्तर प्रदेशात कुशीनगरला शाळेच्या व्हॅनमधली 13 मुले गेली. मधल्या काळात काही मानवरहित फाटकांवर ‘गेटमित्र’ नेमले गेले, जे येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून सावध करायचे. कुशीनगरनंतर मात्र कामाला वेग आला, आणि 31 जानेवारी 2019 ला ब्रॉडगेजवरचे शेवटचे मानवरहित फाटक गेले. ज्या कामाला शंभर वर्षे पैसे नव्हते ते ठरवल्यावर काही महिन्यांत उरकले.

कसे उरकले हेही पाहायला हवे. तुरळक वर्दळीची फाटके बंद केली, दोन-तीन एकत्र जोडली, काहींवर गेटमन बसवले आणि पुष्कळ ठिकाणी रुळांखालून कमी उंचीचे भुयारी मार्ग काढले. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांना या भुयारांची दुसरी बाजू माहीत आहे. पावसाळ्यात त्यांत कमरेएवढे पाणी साचते, उसाची भरलेली ट्रॉली किंवा कडब्याची गाडी जात नाही, आणि शेतकऱ्याला पाच-सात किलोमीटरचा वळसा पडतो. तक्रार रास्त आहे. पण उपाय पाण्याच्या निचऱ्यात आणि बांधकामात शोधायचा. जुने फाटक परत मागण्यात नाही.

त्याच वर्षी, सप्टेंबर 2019 पासून, मोटार वाहन कायद्यातले दंड देशभर वाढले. महाराष्ट्राने ते लगेच लावले नाहीत. राज्यात नवे दंड डिसेंबर 2021 मध्ये आले. तोवर पावतीचे रूपही पालटले होते. पूर्वी पोलीस चौकात अडवायचा, पुस्तकातून पावती फाडायचा, नाहीतर लायसन्स ठेवून घ्यायचा. मुंबईत 2016 पासून कॅमेऱ्यावरून ई-चलन निघू लागले आणि नोटीस मोबाईलवर येऊ लागली. गाडी कोण चालवत होते हे कॅमेऱ्याला कळत नाही, म्हणून नोटीस मालकाच्या नावावर येते. चालक कोण होता हे सांगण्याची मालकाची जबाबदारी कलम 133 मध्ये आधीपासूनच होती. ऑगस्ट 2021 मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत 167अ हा नियम आला. त्याने दोन गोष्टी बांधून दिल्या: गुन्हा घडल्यापासून 15 दिवसांच्या आत नोटीस गेली पाहिजे, आणि जिथे कॅमेरा आहे त्या रस्त्याच्या आधी तशी सूचना देणारी पाटी ठळक दिसली पाहिजे. आधी पाटी, मग पावती. खूप उशिरा नोटीस आल्याची किंवा पाटी झाडाआड असल्याची तक्रार करणाऱ्याने हा नियम हाताशी ठेवावा.

माणूस असलेल्या फाटकांची गोष्ट अजून पुरी झालेली नाही. ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या फाटकापायी मध्य रेल्वेच्या लोकलचे वेळापत्रक वर्षानुवर्षे कोलमडत आले, कारण रस्त्यावरची गर्दी सरल्याशिवाय दांडा खाली येत नाही आणि दांडा खाली आल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही. प्रवासी वैतागतात, पण याच व्यवस्थेला इंटरलॉकिंग म्हणतात आणि ती जीव वाचवते. जिथे ती नाही, तिथे स्टेशन मास्तर फोनवर गाडीची वर्दी देतो, गेटमन फाटक बंद करून एक गुप्त आकडा सांगतो, ज्याला रेल्वेत प्रायव्हेट नंबर म्हणतात, आणि त्या आकड्याच्या भरवशावर गाडी सोडली जाते. फाटक खरेच बंद आहे का, हे सिग्नलला माहीत नसते.

8 जुलै 2025 च्या सकाळी तामिळनाडूत कडलूरजवळ सेम्मनकुप्पमच्या अशाच फाटकावर शाळेची व्हॅन रेल्वेखाली आली आणि तीन विद्यार्थी गेले. तिथे गेटमन होता, चौकी होती. इंटरलॉकिंग नव्हते. त्यानंतर रेल्वेने फाटकांवर कॅमेरे बसवायचे, गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्या बोलण्याची ध्वनिमुद्रणे रोज तपासायची असे आदेश काढले, आणि इंटरलॉकिंगसाठीची टीव्हीयूची अट 20 हजारांवरून 10 हजारांवर आणली. तेव्हा देशात 11 हजारांहून अधिक फाटकांवर इंटरलॉकिंग झालेले होते. उरलेल्या फाटकांवर आजही गाडी फोनवर सांगितलेल्या आकड्यावर सुटते.