काडतुसाच्या पोटातली जागा

१९५६ साली विंचेस्टर कंपनीने .४५८ विंचेस्टर मॅग्नम हे काडतूस बाजारात आणलं. हत्ती आणि आफ्रिकन रानरेड्याच्या शिकारीसाठी तोवर महागड्या ब्रिटिश दुनळी रायफली नावाजलेल्या होत्या. तेवढीच ताकद साध्या बोल्ट-ॲक्शन, म्हणजे हाताने दांडा मागेपुढे ओढून काडतूस भरायच्या, रायफलीतून द्यायची, असा कंपनीचा बेत होता. ५०० ग्रेनची, म्हणजे साधारण ३२ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६५० मीटर वेगाने सुटेल, असं जाहीर झालं. शिकाऱ्यांच्या हातातल्या रायफलींतून ती बऱ्याचदा ६०० मीटरच्या आसपासच सुटायची. फरक किरकोळ वाटतो, पण ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलते. ६,८०० ज्यूलची गोळी ५,८०० वर येते, आणि अंगावर येणाऱ्या रानरेड्यासमोर हे हजार ज्यूल जिवावर बेततात.

झालं होतं असं, की पुंगळीत, म्हणजे दारू आणि गोळी धरून ठेवणाऱ्या काडतुसाच्या पितळी नळकांड्यात, जागाच पुरत नव्हती. जुन्या .४५० नायट्रो एक्सप्रेस या ब्रिटिश काडतुसाची पुंगळी सव्वातीन इंच लांब, तर हिची अडीच इंच. एवढी लांबलचक गोळी आत बसवल्यावर दारूसाठी जे पोट उरायचं, त्यात ती दाबून दाबून भरावी लागे. अशी दाबलेली दारू उन्हातान्हात पडून राहिली की तिचे दाणे एकमेकांना चिकटून ढेप व्हायची, आणि ढेपेला आग नीट धरत नाही.

ती नीट न धरण्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. बिनधुराची दारू दाण्याच्या पृष्ठभागावरून आत-आत जळत जाते. असली पहिली यशस्वी दारू १८८४ साली बनवणाऱ्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॉल व्हिएय यांनीच पुढे हेही दाखवलं की दाब वाढला की जळण्याचा वेग वाढतो. वेग वाढला की वायू जास्त तयार होतो आणि दाब आणखी चढतो. या चढाओढीला आवर घालते ती पुढे सरकणारी गोळी, कारण ती सरकते तशी वायूला मागे जागा मोकळी होते. हा सगळा खेळ एक-दोन मिलिसेकंदांत आटोपतो. मॅग्नम काडतुसात त्या वेळात दाब चार हजार वातावरणांपर्यंत जातो. म्हणूनच सुरुवातीला आत किती जागा आहे, यावर पुढचं सगळं ठरतं. दाण्याच्या मधोमध बारीक भोक ठेवण्यामागेही हाच हिशेब आहे. बाहेरून दाणा जळून लहान होत जातो, तेव्हा आतलं भोक मोठं होत जातं आणि जळणारा पृष्ठभाग जवळपास तेवढाच राहतो.

ब्रिटिश बंदूककारांनी जागेचा प्रश्न सढळ हाताने सोडवला होता, आणि त्याला कारण होती कॉर्डाइट ही दारू. एबल आणि ड्यूवर या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञांनी १८८९ मध्ये ती तयार केली. सुरुवातीच्या मिश्रणात ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (आम्लाची प्रक्रिया करून स्फोटक बनवलेला कापूस) आणि ५ टक्के व्हॅसलीन. निलगिरीत कुन्नूरजवळ अरुवनकाडूला १९०३ साली कारखाना उभा राहिला तो याच दारूचा. कॉर्डाइट उष्णतेला फार हळवी. इंग्लंडच्या थंडीत ठीक चालणारं काडतूस आफ्रिकेत किंवा इथल्या मे महिन्यात कितीतरी जास्त दाब देई. पुंगळी फुगून नळीत अडकली की शिकारी निःशस्त्रच. म्हणून १९११ च्या .४१६ रिग्बी या ब्रिटिश काडतुसाची पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवली: भरपूर जागा, कमी दाब. त्या काळच्या काडतुसांत मला हीच रचना सर्वांत शहाणी वाटते.

.४५८ ची गोष्ट मात्र पुढे गेली. १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये जॅक लॉट या अमेरिकन शिकाऱ्याला रानरेड्याने जबर जखमी केलं; .४५८ च्या गोळ्यांनी त्याला रोखलं नव्हतं. लॉटने पुढे १९७१ च्या सुमारास होलंड अँड होलंड या ब्रिटिश बंदूककारांच्या .३७५ मॅग्नमची पुंगळी घेतली, तोंड रुंद केलं आणि लांबी २.८ इंच ठेवली. फक्त ०.३ इंच जास्त. तेवढ्यात दारूला मोकळं बसायला जागा मिळाली. हे .४५८ लॉट कितीतरी वर्षं मुख्यतः हाताने काडतुसं भरणाऱ्यांच्या टेबलावरच जगलं. हॉर्नडी कंपनीने त्याची तयार काडतुसं आणली ती २००२ मध्ये.

अमेरिका, दक्षिण आफ्रिका अशा देशांत असं टेबल मांडणं कायदेशीर छंद आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवरच बंदी आहे. त्या टेबलावर बघण्यासारखं असतं ते वापरलेली पुंगळी पुन्हा भरण्याआधीची तिची तपासणी. पुंगळी पितळेची, ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. बार उडाला की ती फुगून नळीच्या भिंतीला टेकते आणि किंचित परत आकसते. .४५८ लॉटसकट .३७५ च्या घराण्यात पुंगळीच्या बुडाशी पट्टा असतो. नळीत ती किती आत बसायची हे तो पट्टा ठरवतो. त्याच्या पुढे थोडी ढिलाई उरली, तर दर बाराला पितळ नेमकं पट्ट्याच्या वरच्या बाजूला ताणलं जातं. बाहेरून तिथे फिकट, चकचकीत वर्तुळ दिसतं, तेही दिसलं तर. म्हणून जाणकार माणूस टोक वाकवलेली बारीक तार पुंगळीत घालतो आणि आतल्या भिंतीवरून सावकाश वर ओढतो. टोक एखाद्या खाचेत अडखळलं, तर ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात जाते. नाहीतर पुढच्या बाराला ती तिथेच तुटते आणि तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाकडे येतो.

या रायफलींचा धक्काही जबर असतो. एक बार उडाला की मॅगझिनमधली बाकीची काडतुसं पुढे आपटतात आणि गोळ्या आत सरकू शकतात. म्हणजे मोजून ठेवलेली जागा पुन्हा बदलते. म्हणून गोळीवरच्या खाचेत पुंगळीचं तोंड चेपून बसवतात.

दारू जास्त झाली तर धोका, हे कुणालाही पटतं. उलट बाजू पटायला जड जाते. मोठ्या पुंगळीत मंद जळणारी दारू फार थोडी घातली, तरी क्वचित रायफल फुटते. अर्धी रिकामी पुंगळी आडवी असताना दारू तळाशी पसरते आणि प्रायमरची, म्हणजे पुंगळीच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीची, ज्योत तिच्या वरून निघून जाते. त्यामुळे आग अडखळत धरते आणि मग दाब एकदम उसळतो, हे एक स्पष्टीकरण. प्रयोगशाळेत हा प्रकार हुकमी घडवून आणणं अवघड ठरलं आहे आणि कारणावर एकमत नाही. तरीही दारू कंपन्या आपल्या तक्त्यांत अशा दारूसाठी कमाल मापासोबत किमान मापही छापतात, आणि त्याखाली जाऊ नका म्हणून बजावतात.