व्यापारी जहाजांवरील सशस्त्र रक्षक

चाच्यांच्या हल्ल्यापासून जहाज आणि खलाशी यांचे रक्षण करण्यासाठी खासगी कंपन्यांकडून घेतलेले रायफलधारी पहारेकरी. सोमालियाच्या किनाऱ्यावरील चाचेगिरी २००८ ते २०११ या काळात शिगेला पोहोचली, तेव्हा एडनचे आखात आणि अरबी समुद्रातून जाणाऱ्या जहाजांवर अशी पथके दिसू लागली. मार्च २०१० मध्ये ‘अल्मेझान’ या मालवाहू जहाजावरील खासगी रक्षकांच्या गोळीबारात एक चाचा ठार झाला. अशा रक्षकांच्या हातून चाचा मारला गेल्याची ही पहिली ज्ञात घटना मानली जाते.

पथकात सहसा तीन-चार जण असतात, बहुतेक माजी सैनिक. त्यांची खरी ताकद उंचीत आहे. जहाजाचा कठडा पाण्यापासून कित्येक मीटर वर असतो. चाच्यांना मात्र लाटांवर उसळणाऱ्या छोट्या होडीतून नेम धरावा लागतो आणि शिडी लावून वर चढावे लागते. तरीही माणसावर गोळी झाडण्याची वेळ क्वचितच येते. आधी भोंगा आणि इशाऱ्याचे प्रकाशबाण, मग होडीतून दिसेल अशी उंच धरलेली रायफल, त्यानंतर होडीपासून दूर पाण्यात इशाऱ्याची गोळी. एवढ्यावरच बहुतेक होड्या मागे फिरतात.

रक्षक ठेवू द्यायचे की नाही, हे जहाज ज्या देशाचा ध्वज लावते तो देश ठरवतो. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने २०११ मध्ये याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या, पण रक्षक ठेवण्याची शिफारस केली नाही. बळाच्या वापराची ‘१०० सिरीज’ ही नियमावली २०१३ मध्ये आली. तिच्यानुसार बळ आवश्यक तेवढेच वापरायचे आणि जीवघेणा गोळीबार हा स्वसंरक्षणाचा अगदी शेवटचा उपाय.

कागदावर हे सोपे वाटते. समुद्रावर मात्र जवळ येणारी होडी चाच्यांची की मच्छीमारांची, हे काही मिनिटांत ओळखावे लागते. मच्छीमारही वेगाने जहाजाकडे येतात, कारण पाण्यात पसरलेली जाळी त्यांना वाचवायची असते. १५ फेब्रुवारी २०१२ रोजी केरळच्या किनाऱ्याजवळ ‘एनरिका लेक्सी’ या इटालियन तेलवाहू जहाजावरून झालेल्या गोळीबारात ‘सेंट अँटनी’ या बोटीवरचे दोन भारतीय मच्छीमार मारले गेले. गोळ्या झाडणारे खासगी रक्षक नव्हते, इटलीच्या नौदलाचे सैनिक होते. पण ओळखण्यातली चूक दोघांच्याही हातून सारखीच होऊ शकते. आंतरराष्ट्रीय लवादाने २०२० मध्ये या सैनिकांवर भारतात खटला चालवता येणार नाही असा निर्णय दिला आणि इटलीला भरपाई द्यायला लावली. १० कोटी रुपये जमा झाल्यावर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केले. मृतांच्या घरच्यांना नऊ वर्षे वाट पाहावी लागली, आणि या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव हीच आहे: गोळी सुटते क्षणात, पण जाब कोणत्या देशाने विचारायचा यातच वर्षे जातात.

शस्त्रे बंदरात नेण्यावर अनेक देशांत कडक निर्बंध असल्याने काही कंपन्या ती समुद्रातच उभ्या केलेल्या ‘तरंगत्या शस्त्रागारां’त ठेवतात. ‘सीमन गार्ड ओहायो’ हे असे जहाज ऑक्टोबर २०१३ मध्ये तुतिकोरिनजवळ पकडले गेले. त्यावरच्या ३५ जणांना २०१६ मध्ये शिक्षा झाली आणि २०१७ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले.

२०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रात येमेनमधील हुथी या सशस्त्र बंडखोरांची क्षेपणास्त्रे आणि ड्रोन जहाजांवर येऊ लागले. क्षेपणास्त्रापुढे रायफल निरुपयोगी ठरते. मात्र ३१ डिसेंबर २०२३ रोजी ‘मर्स्क हांगझोऊ’ या जहाजाच्या अगदी जवळ आलेल्या होड्यांवर त्यावरील रक्षकांनी उलट गोळीबार केला. पुढे अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी त्यांतल्या तीन होड्या बुडवल्या.