कोंबडी लंगडते? आधी तळवा बघा
(घरी कोंबड्या पाळणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी)

पाऊस लागला की दुकानात एक मागणी हमखास येते. "कोंबडी पाय टेकत नाही, एखादी गोळी द्या." आम्ही आधी विचारतो, तळवा उलटा करून पाहिलात का? बहुतेकांनी पाहिलेला नसतो.

गेल्या श्रावणात एक काकी टोपलीतून त्यांची तांबडी घेऊन आल्या. पाय मुरगळला असेल, असं त्यांना वाटत होतं. ओल्या फडक्याने तळवा पुसला, तर मधोमध मसुराएवढी काळी खपली, भोवती लाल सूज, हाताला गरम. याला बंबलफूट म्हणतात. आपल्याकडे कोणी कुरूप म्हणतं, पण हे नुसतं कडक झालेलं कातडं नव्हे. तळव्याला बारीक चीर पडते, तिथून जंतू आत शिरतात, बहुतेकदा स्टॅफिलोकॉकस जातीचे, आणि आत पू धरतो. कोंबडीचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, खरवसासारखा घट्ट असतो. त्यामुळे तो दाबून बाहेर येत नाही. दाबलात तर आत पसरतो, आणि हाडापर्यंत गेला की पाय वाचवणं कठीण.

सूज थोडी असेल आणि कोंबडी खात-पीत असेल, तर घरी सुरुवात करता येते. हातमोजे घाला, कारण हे जंतू माणसाच्या जखमेतही जाऊ शकतात. कोंबडीला जुन्या पंच्यात गुंडाळा, डोळ्यांवर अलगद टोक घ्या, ती शांत होते. दोन लिटर कोमट पाण्यात दोन मोठे चमचे एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट, खायचं मीठ नव्हे) टाकून पाय १० ते १५ मिनिटं बुडवून धरा. ते पाणी तिला पिऊ देऊ नका, जुलाब होतात. मग पाय कोरडा करा आणि पोविडोन आयोडीन (जखमेवर लावायचं जंतुनाशक) फिक्या चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावा. वर न चिकटणारी गॉज आणि पट्टी, बोटं मोकळी राहतील इतकीच घट्ट. पट्टी रोज बदला. कोंबडी कोरड्या जागी वेगळी ठेवा.

ब्लेडने खपली कापू नका, ही आमची कळकळीची विनंती. तळव्यात शिरा आहेत, रक्त थांबता थांबत नाही. सूज वाढली, बोटांपर्यंत चढली किंवा चार-पाच दिवसांत उतार पडला नाही, तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या. अँटिबायोटिक आम्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय देत नाही. औषध चालू असताना अंडी किती दिवस खायची नाहीत, तेही डॉक्टरांनाच विचारून घ्या.

पण तळवा चिरतो कशाने? आपल्या वाड्यांत कारणं पायाखालीच असतात. जांभ्याच्या चिऱ्याची खरखरीत जमीन, गडग्यावरून मारलेली उडी, करवंदीचा काटा, पावसात महिनाभर ओलं राहिलेलं खुराडं. ओल्या घाणीत तळवा मऊ पडतो आणि लगेच फाटतो. अंगाने जड कोंबड्यांना, गिरिराज किंवा वनराज पाळत असाल तर, हा त्रास जास्त. बसायची दांडी गुडघ्याएवढ्याच उंचीवर बांधा, दीड-दोन इंच रुंद, कडा तासून गोल केलेली. पोफळीच्या चिरलेल्या पट्टीची धार तशीच राहिली तर तीच पायाला लागते. खाली भाताचं तूस घाला आणि ओलं झालं की त्याच दिवशी काढा. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी एवढं आणखी पाहावं, जाळ्याचा तुटका धागा बोटाभोवती आवळलेला तर नाही ना. त्यानेही पाय सुजतो, आणि तिथे मलम काही करत नाही, धागाच काढावा लागतो.

खाण्याचंही आहे. नुसत्या कणीवर आणि उरलेल्या भातावर वाढलेल्या कोंबडीला अ जीवनसत्त्व मिळत नाही, कातडी कमकुवत राहते. शेवग्याचा पाला, पिवळा मका किंवा लेयर मॅश (अंड्यावरच्या कोंबड्यांचं तयार खाद्य) जोडीला द्या.

महिन्यातून एकदा, रात्री कोंबड्या बसल्या की बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीचा तळवा पाहा. काही दिसलं आणि खात्री होत नसेल, तर टोपलीत तूस घालून तिला सकाळीच दुकानात आणा. बघण्याचे आम्ही पैसे घेत नाही.