सेक्शन ८ म्हणजे इकडची म्हाडा नाही हो

परवा इथे न्यू जर्सीत, एडिसनला एका ओळखीच्यांकडे जेवायला गेलो होतो, तिथे परत तेच. एक काका म्हणाले आमच्या मागच्या रस्त्यावर सेक्शन ८ ची सरकारी बिल्डिंग आहे, दुसरे म्हणाले छे छे ती सिटीची, आणि तिसरे, ज्यांचं स्वतःचं जर्सी सिटीत भाड्याने दिलेलं घर आहे, ते म्हणाले अहो सगळं एकच, इकडची म्हाडा. ताटात पुरणपोळी होती म्हणून गप्प बसलो. आता लिहितो. सेक्शन ८ म्हणजे अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या कुटुंबांना मिळणारी केंद्र सरकारची भाड्याची मदत, आणि लोक ती सरकारी घरांत मिसळतात.

सरकारी घरं, म्हणजे इथलं पब्लिक हाउसिंग, सगळ्यांना माहितीये म्हणून पटकन उरकतो. बिल्डिंग गावाच्या हाउसिंग ऑथॉरिटीची, म्हणजे घरांचं काम बघणाऱ्या स्थानिक सरकारी संस्थेची, लँडलॉर्ड पण तीच, नळ गळला तर फोन तिलाच. १९३७ च्या कायद्यातून ही घरं आली, भाडं साधारण उत्पन्नाच्या ३० टक्के, आणि १९९८ च्या कायद्याने ऑथॉरिट्यांना घरांची एकूण संख्या वाढवायलाच बंदी घातली, त्यामुळे दिसतात त्या बहुतेक जुन्याच बिल्डिंगा. म्हाडाची तुलना तशी इथेही लंगडीच, लॉटरीत लागलेलं घर आपण विकत घेतो आणि हे कायम भाड्याचंच, पण चला, चालवून घेऊ.

सेक्शन ८ म्हटलं की बहुतेकदा जे अभिप्रेत असतं त्या व्हाउचरला मात्र बिल्डिंगच नाही. ऑथॉरिटीची एक वीटही त्यात नसते. कुटुंबाच्या हातात एक कागद येतो, तो घेऊन त्यांनी बाजारात आपलं आपण घर शोधायचं, कुठल्याही खाजगी मालकाचं, म्हणजे त्या तिसऱ्या काकांचंसुद्धा. मालक पटला, घर इन्स्पेक्शनमध्ये पास झालं, की भाड्याचा एक हिस्सा कुटुंब देतं आणि उरलेला ऑथॉरिटी थेट मालकाला पाठवते.

घोळ होतो तो नावामुळे. सेक्शन ८ हे त्या १९३७ च्याच कायद्यातलं कलम, १९७४ साली नव्याने लिहिलेलं, आणि गंमत म्हणजे पब्लिक हाउसिंगचे पैसे त्या कलमातून येतच नाहीत, ते कलम ९ मधून येतात. म्हणजे लोक ज्या बिल्डिंगकडे बोट दाखवून सेक्शन ८ म्हणतात ती बऱ्याचदा सेक्शन ९ असते. इथपर्यंत ठीक होतं, पण कलम ८ च्या पोटात परत दोन प्रकार आहेत, एक हे फिरतं व्हाउचर आणि दुसरा बिल्डिंगला बांधलेली मदत, आणि नाव दोघांचंही सेक्शन ८. मला विचाराल तर सेक्शन ८ हा शब्दच बोलण्यातून काढून टाकावा. व्हाउचर म्हणायचं असेल तर व्हाउचर म्हणा ना.

खरी मेख इथे आहे. मदत माणसाला चिकटलीय का भिंतीला?

आमच्या ओळखीतल्या एक मावशी आहेत, ग्रीन कार्डवर, सत्तरी ओलांडलेल्या, सीनियर बिल्डिंगमध्ये राहतात, खाजगी मालकाची बिल्डिंग, भाडं अगदी थोडं, आणि त्या सगळ्यांना सांगत आल्या की मला सेक्शन ८ मिळालंय. त्यात खोटं काही नव्हतं. मुलगी नोकरीमुळे नॉर्थ कॅरोलायनात शार्लटला गेली तेव्हा मावशींनी अर्ध्या बॅगा भरल्या, कुणीतरी छातीठोकपणे सांगितलं होतं की सेक्शन ८ कुठल्याही राज्यात चालतं. चालतं, पण व्हाउचर असेल तर. मावशींची मदत त्या बिल्डिंगला होती, सरकारचा करार मालकाशी आणि तो त्या अपार्टमेंटांपुरता, मावशी बाहेर पडल्या की त्याच घरात रांगेतला पुढचा माणूस त्याच सवलतीत येणार आणि मावशी शार्लटला पूर्ण भाडं भरणार. बॅगा परत रिकाम्या केल्या. त्या दिवशी त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं, आणि हे सगळं एका शब्दापायी.

यात अजून एक पोटभेद आहे, तो ठाऊक असलेला बरा. बिल्डिंगला बांधलेल्या मदतीतही एक जात अशी आहे जिला प्रोजेक्ट-बेस्ड व्हाउचर म्हणतात, ती हाउसिंग ऑथॉरिटी चालवते, आणि तिथे वर्षभर राहिल्यावर निघायचं असेल तर पुढचं मोकळं होणारं फिरतं व्हाउचर मागता येतं. जुने करार थेट केंद्राच्या हाउसिंग खात्याशी असतात, त्यात हा हक्क नाही. मावशींचा करार नेमका हा दुसरा. तुमच्या आईवडिलांचं कुठलं ते नावावरून कळणार नाही, लीजच्या मागे जोडलेले कागद वाचा, किंवा ऑफिसमध्ये एवढंच विचारा की मी घर सोडलं तर मदत माझ्याबरोबर येते का. हो किंवा नाही एवढंच उत्तर घ्या, बाकी ते जे समजावतात ते नंतर.

आता फिरत्या व्हाउचरचा हिशोब, कारण इथेही लोक म्हणतात की सरकार अमुक डॉलर देतं. ठरलेले डॉलर नसतात. समजा एका बाईंचं वजावट जाऊन महिन्याचं उत्पन्न २,००० डॉलर आहे, त्यांचा हिस्सा ३० टक्के म्हणजे ६००. त्या भागात तेवढ्या खोल्यांसाठी ऑथॉरिटीने ठरवलेली मर्यादा समजा २,०००. घर लाइट-गॅस धरून १,९०० ला मिळालं तर ऑथॉरिटी १,३०० देते. घर २,१५० चं आवडलं तर ऑथॉरिटी १,४०० वर थांबते आणि बाई ७५० भरतात, चालतं, पण २,३०० चं असेल तर त्यांच्यावर ९०० पडतील, म्हणजे ४५ टक्के, आणि नवीन घरात शिरताना ४० टक्क्यांच्या वर जाऊ देत नाहीत, ते घर विसरायचं. उद्या बाईंचे कामाचे तास कापले गेले आणि उत्पन्न निम्मं झालं तर त्यांनी कळवायचं, मग १,९०० च्या घरात त्यांचा हिस्सा ३०० होतो आणि ऑथॉरिटीचा १,६००. मालकाला दोन्ही मिळून तेवढेच मिळतात. फुकट घर म्हणणाऱ्यांनी हा ३०० चा आकडा दोनदा वाचावा, हजारावर घर चालवणारी बाई त्यातले तीनशे भाड्याला देतेय.

आता मालक काकांसाठी. न्यू जर्सीत भाडेकरूकडे व्हाउचर आहे म्हणून नाही म्हणणं बेकायदेशीर आहे. आम्ही सेक्शन ८ घेत नाही हे वाक्य जाहिरातीत टाकणारे आपले लोक मी पाहिलेत आणि दरवेळी कपाळावर हात मारलाय. आधीच्या मालकाकडे चौकशी करा, बाकी सगळ्यांना लावता ते नियम लावा, पण भाड्याच्या तिप्पट पगार हवा हा नियम पूर्ण भाड्यावर लावू नका, तो फक्त भाडेकरूच्या हिश्श्यावर लागतो, वरच्या बाईंच्या बाबतीत १,८०० डॉलर उत्पन्न पुरतं. सह्या दोन ठिकाणी कराव्या लागतात, भाडेकरूबरोबर लीज आणि ऑथॉरिटीबरोबर वेगळा करार. इन्स्पेक्शनला लोक उगाच घाबरतात, गरम पाणी येतं का, खिडकीची कडी लागते का, स्मोक डिटेक्टर वाजतो का, आणि घर १९७८ च्या आधीचं असून लहान मूल राहणार असेल तर रंगाचे पोपडे निघालेत का, असलंच बघतात. हे कुठल्याही भाडेकरूला द्यायलाच हवं की! दुरुस्ती केली नाही तर ऑथॉरिटी तिचा हिस्सा थांबवते आणि तो भाडेकरूकडून मागता येत नाही. वरून रोख पन्नास-शंभर घेणं हा सरळ गुन्हा आहे, ते पार्किंगचे होते वगैरे मला सांगू नका.

बाकी फरक किरकोळ. डिपॉझिट भाडेकरूच देतो, न्यू जर्सीत जास्तीत जास्त दीड महिन्याचं. एच-वन व्हिसावाल्यांना यातलं काही नाही. राज्याच्या पैशातून चालणारी एक वेगळी भाडेमदत न्यू जर्सीत आहे, ती साधारण याच धर्तीवर चालते.

आणि रांग. फूड स्टॅम्पसारखं, म्हणजे इथल्या सरकारी अन्नमदतीसारखं, पात्र ठरलात की मिळालं असं हे नाही. देशभरात पात्र असलेल्या चार कुटुंबांमागे जेमतेम एकाला भाड्याची केंद्राची मदत पोचते, याद्या वर्षानुवर्षं बंद असतात, मधेच थोड्या दिवसांसाठी उघडतात आणि बऱ्याच ठिकाणी लॉटरीनेच नंबर लागतो. नंबर लागला तरी घर शोधायला सुरुवातीला निदान ६० दिवस मिळतात, पुढची मुदतवाढ ऑथॉरिटीच्या मर्जीवर, आणि तेवढ्यात मालक मिळाला नाही तर कागद परत जातो. एकापेक्षा जास्त गावांच्या यादीत नाव घालता येतं, मावशींनी आता शार्लटकडच्या यादीवर लक्ष ठेवलंय. अर्जाला एक पैसाही लागत नाही, मध्यंतरी त्यांच्याकडे नाव वर सरकवून देतो म्हणून दोनशे डॉलर मागणारा एक जण आला होता, त्याला मावशींनी चहासुद्धा विचारला नाही.